तीन चालींची सायकल आणि पोळ्याचं तूप

"बैलाच्या खांद्याला लावलं तर बैल पळतो, शिंगाला लावलं तर शिंग चमकतं, आन् तुझ्या या लोखंडाला लावलं की ते अडतं? मंग खोट तुपात हाय का लोखंडात? सांग की! आता कामून तोंड बांधून बसलास?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगणात उभे राहून ओरडत होते. त्या आवाजानं आमच्या गल्लीतली कुत्री उठून, आपलंच काही चुकलं असावं अशा चेहऱ्यानं दुसऱ्या गल्लीत निघाली होती. उजाडायचं होतं. थंडी अशी की आमचा कोंबडा आरवायला तोंड उघडायचा आणि विचार बदलून ते पुन्हा पंखात घालायचा. मी सायकल उलटी करून एका हातानं पायडल फिरवत होतो आणि दुसऱ्या हातानं दांड्यावरचा गेरचा खटका ओढत होतो. खटका तसूभरही हलत नव्हता. बोटाची कातडी मात्र हलली होती.

"अण्णा, तूप गोठलंय तारेत. हात लावून बघा."

"रोज दुपारी चालती ती! मी सोता पाहिलंय. सकाळीच बरी अडती? सायकल न्हाई अडत, तू अडतूस. गोधडी सुटत न्हाई तुझ्यानं."

हे ऐकून मला सायकल उचलून आडात टाकावीशी वाटली. तेवढी ताकद असती तर मी ती गोठलेली तारच ओढली असती.

माझं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. सेलूच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी काट्यावर होतो. कापसाची भरलेली गाडी बैलं सोडून मोठ्या लोखंडी काट्यावर ढकलायची, मी वजन पुकारायचं. रिकामी होऊन आली की पुन्हा वजन. मधला फरक तेवढा कापूस. काम खुर्चीवरचं, सावलीतलं, आणि आमच्या खानदानात खुर्चीवर बसलेला मी पहिला माणूस. माझ्या आधी आमच्याकडं जे कोणी बसले ते औतावर. पण जिनाचा भोंगा वाजला की फाटक लागायचं. कापसाच्या गाड्यांना ते दिवसभर उघडायचं, नोकरांना नाही. माझ्यावर ते दोनदा लागलं होतं. मुनीमजींनी सांगून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा लागलं तर खुर्चीवर त्यांचा भाचा. हा भाचा रोज पहाटे भांग पाडून, पायांत मोजे घालून फाटकाशी उपड्या डाल्यावर बसलेला असायचा आणि मी वेळेवर पोचलो की हिरमुसून मोजे काढायचा.

आता तुम्ही म्हणाल, गाव ते सेलू तीन कोस, सायकल हाताशी, मग उशीर कशाला? तीच तर सारी पीडा होती.

सायकल मला लग्नात मिळाली. गंगाखेडकडच्या माझ्या सासऱ्यांनी सायकल कबूल केली होती, ती साधी. पण हैदराबादेत कुणा साहेबानं जाता जाता विकायला काढलेली एक सायकल त्यांना स्वस्तात सापडली आणि ते ती बांधून घेऊन आले. तिच्या मागच्या चाकाच्या पोटात तीन गेर होते. दांड्यावर खटका, खटक्यापासून चाकापर्यंत एक तार, तारेवर कापडाची नळी. खटका एका जागी आणला की सायकल कापसासारखी हलकी चाले, दुसऱ्या जागी बरी, आणि तिसऱ्या जागी पळायची वाऱ्यासारखी, पण पाय असे जड व्हायचे की चढावर विहिरीतून मोट ओढतोय असं वाटावं. सारा गाव पाहायला आला. एका म्हाताऱ्यानं तिचे दात मोजायचे म्हणून साखळीच्या चक्राला बोट लावलं आणि ते बरेच दिवस बांधून हिंडवलं. अण्णांनी तिला नाव दिलं, तीन चालींची घोडी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं तो खांदा कोमट तुपानं आणि हळदीनं मळायचा, बैलाला हात जोडायचे आणि जेवायचं आवतण द्यायचं. त्या संध्याकाळी बैलांचं झालं, तुपाची वाटी अर्धी उरली, आणि अण्णांची नजर भिंतीला टेकलेल्या सायकलीवर गेली.

"घरातून कामाला जाती का न्हाई ही? मंग हिला कोरडी ठेवायची व्हय?"

आधी त्यांनी सायकलीचा खांदा शोधला. मूठ धरतो ती शिंगं, बसायची सीट ही वशिंड, एवढं ठरलं. मधल्या दांड्याला तूप-हळद चोळताना त्यांना ती तार दिसली. बोटानं चाचपून म्हणाले, ही हिची नस दिसती. नस मोकळी तर जनावर मोकळं. आणि कोमट तुपाची सगळी वाटी त्यांनी धार धरून त्या नळीत रिचवली. मी का अडवलं नाही? तेव्हा मोठी लढाई चालू होती, तिच्यापायी घासलेट रेशनच्या पासावर मिळत होतं, दिव्यालाच पुरत नव्हतं. मशीनचं पातळ तेल औषधाला नव्हतं. घरात होतं ते तूप. शिवाय खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी गेर असा बदलू लागला की नुसतं मनात आणलं तरी खटका सरकावा! पोळ्याला माझ्या घोडीच्या गळ्यात घुंगरमाळ बांधली गेली आणि ती बैलांच्या मागून मिरवली. अण्णा पारावर सांगत होते की विलायतेतल्या लोकांना तूप ठाऊक नसावं, नाहीतर त्यांनी आतूनच भरून पाठवलं असतं.

मग दिवाळी झाली, जिन सुरू झालं आणि हीव पडलं.

त्या नळीत मग काय काय झालं याचा मी पुढं बराच अभ्यास केला आहे. आधी मुंग्या आल्या. आमच्या तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या, एकूणएक, तुपाच्या वासानं त्या नळीत शिरल्या आणि निम्म्या तिथंच राहिल्या. मग वाटेवरची काळी माती गेली. मग जिनातली उडती रुई गेली. तूप, माती आणि रुई यांचा एक लेप तयार झाला. तो थंडीत असा धरायचा की त्यानं निजामाचे किल्ले बांधले असते तर तोफांना पेन्शनीत काढावं लागलं असतं. गेर आदल्या संध्याकाळी ज्या चालीत सोडला त्याच चालीत पहाटे सापडायचा, आणि संध्याकाळी वाटेतल्या दुधना नदीच्या उताराला जड चालीत टाकला की घर येईतो गार वाऱ्यानं तो तिथंच धरायचा. पहाटे दुधनेच्या पात्रात उतरायचं ते भुर्रकन, आणि पलीकडचा उभा चढ मात्र त्या जड चालीत. पायडलवर उभा राहून मी असा कण्हत असे की धुईत वाट चुकलेली माणसं माझ्या आवाजावर रस्ता शोधत. अखेर उतरून ढकलायची. दोनदा फाटक लागलं ते याच चढानं.

आणि खरी डोकेफोड पुढंच आहे. ऊन वर आलं की तूप पातळ! दुपारी सायकल लोण्यासारखी चालायची. म्हणजे दुखणं पहाटे, आणि दाखवायला जावं तर रोगी ठणठणीत.

सेलूच्या बाजारात एक सायकल मिस्त्री होता. सायकलीचं कुठलंही दुखणं नवं सामान घातल्यानं जातं, हे त्याचं एकच शास्त्र. दुपारच्या सुट्टीत त्याच्याकडं गेलो. त्यानं खटका ओढला, टक्, सोडला, टक्, पुन्हा ओढला, टक्.

"अच्छी भली तो है, मियां! कायकू गरीब को बदनाम करते?"

"सकाळी अडती, मिस्त्री."

"तो सुबू में लाओ."

"सकाळी अडती म्हणून तर सकाळी येता येत न्हाई!"

यावर त्यानं खटका आणखी एकदा ओढून पाहिला आणि म्हणाला की तार बदलून टाकू. मी किंमत विचारली. गेरची तार मुंबईहून येणार. लढाईमुळं तिथंच मिळेना, मिळाली तर कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात, आपला निजामाचा हाली रुपया तिथं कुणी पुसत नाही. मग ती आपल्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात. वर मिस्त्रीच्या हाताची मजुरी. मला आकड्यांपेक्षा जनावरांत हिशोब बरा समजतो, म्हणून मी तो तसा लावला. नुसती तार म्हणजे एक दुभती शेळी. नळीसकट तार म्हणजे शेळी आणि तिची दोन करडं. खटका म्हणजे गोऱ्हा. आणि तो म्हणत होता तसं मागच्या चाकाचं पोट उघडून नवं घातलं असतं तर आमच्या दावणीला नुसतं दावंच उरलं असतं. बोटाएवढ्या जाडीची नाही हो, सुतळीएवढी तार! मी त्याला म्हणालो की मिस्त्री, शेळी निदान दूध तरी देते. तो म्हणाला, "शेळी पे बैठ के सेलू आओ फिर."

शेळी विकावी म्हणून घरी विषय काढला. अण्णा म्हणाले, दुपारी चालणाऱ्या सायकलीसाठी शेळी विकणारा माणूस ते पहिल्यांदाच पाहत आहेत. माय म्हणाली की तिच्या तुपाची ती वाटी कोण भरून देणार ते आधी सांगा.

उपाय झाले नाहीत असं नाही. अण्णांनी माझ्यावर मेहरबानी म्हणून सायकल रात्री गोठ्यात बांधायला सांगितली, जनावरांची ऊब मिळेल म्हणून. ऊब मिळाली असावी. पण सकाळी पाहतो तर आमचा मोठा बैल डोळे मिटून नळीवरचं कापड चघळत उभा, तोंडाला हळद लागलेली. मग माझ्या बायकोनं, ती नवीन होती आणि अजून सगळ्यांशी हळू बोलायची, एक तोड काढली. लहान लेकराचं पोट दुखलं की गरम वाळूची पुरचुंडी करून शेकतात, तशी ती पहाटे चुलीवर वाळू तापवून पुरचुंड्या करायची आणि तारेला जागोजाग बांधून द्यायची.

"हळू जा," ती म्हणायची. "सुटंल."

"हळू गेलो तर भोंगा वाजंल."

"मंग पळत जा. पर पुरचुंडी सुटू देऊ नका."

पुरचुंड्या बांधलेली माझी सायकल अंग मोडून आलेल्या बाळंतिणीसारखी दिसायची आणि शिवारातले लोक मुद्दाम वाट सोडून विचारायचे, काय, कसं हाय पेशंट? पण काम होत होतं. नदीपर्यंत वाळू गरम राहायची आणि चढाला हलका गेर पडायचा. दहा-पंधरा दिवस मी भाच्याला रोज मोजे काढायला लावले.

आणि मग ती सकाळ आली, जिच्यात अण्णा अंगणात ओरडत होते. बायको माहेरी गेली होती. माय म्हणाली, चुलीवर भाकरी होईल, वाळू होणार नाही.

"ऱ्हाऊ दे ते," अण्णा अखेर म्हणाले. त्यांनी कानाला उपरणं गुंडाळलं, खांद्यावर घोंगडं टाकलं. "चल. मी येतो संगं. कुठं अडती ते मला दावायचं. न्हाई अडली तर सेलूच्या भर बाजारात तुझे कान उपटतो, बायकोवाला झालास तरी."

अण्णा मागं कॅरेजवर बसले. आमचे अण्णा म्हणजे बसले की बैलगाडीचा आस वाकायचा, सायकलीनं तर नुसता श्वास सोडला. उतारावर दुधनेपर्यंत आम्ही कसे गेलो ते मला नीट आठवत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. पलीकडच्या चढाला लागलो आणि मी खटका ओढला. खटका हलेना, सायकल जड चाल सोडेना, जागीच उभी राहिली. पाय खाली टेकवून मी मागं वळलो.

"पाहा! पाहा आता! अडली का न्हाई?"

अण्णा उतरले. तोंडातून वाफा काढत त्यांनी सायकलीला एक फेरी मारली. आता हे मान्य करतील, असं मला वाटलं. अण्णांनी काय पाहिलं असेल? चढावर बसलेला बैल. आणि चढावर बैल बसला की आमच्याकडं काय करतात ते आमच्या गावात लहान लेकराला ठाऊक असतं.

"च्यक् च्यक्! उठ ल्येका!" म्हणत अण्णांनी मागच्या चाकाजवळची तार दोन्ही हातांनी धरली आणि शेपूट पिळावी तशी पिळली.

टण्ण!

तारेचं एक टोक अण्णांच्या हातात होतं, दुसरं धुईत कुठंतरी. आणि या गेरची तार तुटली की सायकल कायमची जड चालीत जाते. हलकीही नाही, मधलीही नाही. आता ती घोडी नव्हती, नुसतं जातं होतं. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नदीतले बगळे उठून गेले.

"ओरडू नको," अण्णा म्हणाले. "भोंगा वाजला का?"

नेमका तेव्हाच तो वाजला. धुईतून, लांबून, म्हशीच्या हंबरण्यासारखा. मला माझी खुर्ची दिसली आणि खुर्चीखाली ते मोजे.

मागून कापसाची एक गाडी चढ चढत येत होती. आमच्याच शिवाराजवळचा गाडीवान, अण्णांना तात्या म्हणणारा.

"काय तात्या, जनावर बसलं व्हय?"

अण्णांनी गाडीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "गाड्यांला फाटक बंद नस्तं ना रं?"

मी आणि सायकल कापसात गेलो. सायकल आडवी, मी तिच्या शेजारी, वरून कापूस. अण्णा गाडीबरोबर चालत. फाटकाशी पहारेकऱ्यानं विचारलं, काय हाय? आणि अण्णा, ज्यांना हळू बोलणं ठाऊक नाही, सेलूच्या स्टेशनापर्यंत जावं असं ओरडले, "कापूस! नुसता कापूस हाय! दुसरं काईच न्हाई!" मला वाटलं, संपलं. पण एवढ्या मोठ्यानं कुणी खोटं बोलत नाही असा पहारेकऱ्याचा समज असावा.

बैलं सुटली. गाडी काट्यावर चढली. कापसाच्या फटीतून मला भाचा दिसला. तो माझ्या खुर्चीवर बसला होता, आणि वजन असं पुकारत होता जणू सुभेदारी मिळाली आहे. गाडीवर कापसातून एक पायडल बाहेर आलेलं होतं आणि पायडलच्या बाजूला माझी वहाण. भाच्यानं दोन्हीकडं पाहिलं, आकडा पुकारला, म्हणाला, "बरोबर! चला, खाली करा!"

गाडीवान कापसात तोंड घालून कुजबुजला, "पडून ऱ्हावा मालक, पडून ऱ्हावा. खाली होताना तिकडल्या अंगानं सटका. चहा मी पाजतो." त्याला दिसत होतं की माणूस आणि सायकल कापसाच्या भावानं चालली आहेत. मोह मलाही झाला. आयुष्यात माझी एवढी किंमत कुणी केली नव्हती. पण मुनीमजी काट्याजवळ येताना दिसले आणि मी कापसातून उभा राहिलो, मिशांना रुई, डोक्यावर सरकी.

"मुनीमजी, यातले दोन मण मी हाय. आन् सायकल येगळी."

मुनीमजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी काट्याकडं पाहिलं, मग पायडलकडं, मग भाच्याकडं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू सकाळपासून गावातल्या सगळ्या सायकली त्यांनी कापूस म्हणून विकत घेतल्या आहेत.

"मामा, गाडी भरलेली होती, मी—"

"ऊठ," मुनीमजी म्हणाले.

भाचा उठला. मला म्हणाले, "बस. आधी अंग झाड, ती रुई आपली हाय."

खुर्ची राहिली. तार मात्र काही आली नाही. मिस्त्रीनं सांगितलेली किंमत दर आठवड्याला एकेका करडानं वाढत गेली. उरलेला सगळा हिवाळा मी त्या जड चालीत, अंगणातून तासभर आधी निघून, दुधनेचा चढ कण्हत चढलो. माझ्या पोटऱ्या अशा झाल्या की शिंप्यानं विजारीला जादा कापड मागितलं.

पण तार तुटली त्या दिवशी संध्याकाळी, सायकल ढकलत घरी आलो तेव्हा अण्णा गोठ्यात दावी बांधत होते. मी दारातच सुरू केलं. तूप थंडीत गोठतं, गोठलं की तार धरते, धरली की गेर पडत नाही, आणि गेर म्हणजे बैलाची शेपूट नव्हे! मी जोरात बोललो, मग आणखी जोरात बोललो, तुटकी तार त्यांच्या समोर नाचवली, आतलं ते काळं-पिवळं नखानं खरवडून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणालो, आता तरी माना, तुपानं झालं.

अण्णांनी ते बोटात चोळलं. वास घेतला. बैलाच्या पाठीला पुसलं.

"म्हशीचं होतं," ते म्हणाले. "गाईचं लावाया पायजे होतं."